पॉझिटिव्ह म्हंजी नेमकं काय, अक्का?

लॅबमध्ये वापरलेल्या सुयांचा डबा भरला की ठरलेल्या दिवशी गाडी येते आणि तो उचलून नेते. किश्श्यांचा डबा उचलायला मात्र कुणी येत नाही. तो भरतच राहतो. मग अशी चार माणसं जमली की थोडा रिकामा करावा लागतो!

मी औरादच्या एका लहानशा लॅबमध्ये वीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. माहेर संतपूर, शिक्षण बीदरचं. नाव सुनंदा, पण ते फक्त आधार कार्डावर. मराठी माणूस मला अक्का म्हणतो, कन्नड माणूसही अक्काच म्हणतो. तेवढ्यापुरतं तरी दोन्ही भाषांचं एकमत आहे. काउंटरवर रत्ना असते. सह्या करणारे डॉक्टर बीदरहून एक दिवसाआड येतात. म्हणजे रिपोर्ट आला आणि डॉक्टर यायचेत, या मधल्या वेळात पेशंटच्या तावडीत सापडते ती मी!

साखरेचे किस्से वेगळे, थायरॉइडचे वेगळे. पण हर्पीसच्या टेस्टनं जेवढे दिले तेवढे कुणीच दिले नाहीत. साखर वाढलीय म्हटलं की माणूस चहा सोडतो. हर्पीस म्हटलं की थेट संसार सोडायला निघतो!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी मास्तरकी करते. या हर्पीसचे विषाणू दोन. टाईप वन बहुतेक तोंडावर येतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कोपऱ्यात फोड उठला की आपल्याकडं 'जर मुतला' म्हणतात ना, तोच तो. लहानपणी कुणीतरी लाडानं मुका घेतं आणि देऊन जातं. टाईप टू बहुतेक कमरेखाली. आता रक्तात आम्ही विषाणू शोधत नाही, शरीर त्याच्याशी लढलं होतं त्याची खूण शोधतो. ही खूण म्हणजे मतदार यादी समजा. नाव आहे एवढंच कळतं. कधी आलं, कुणी आणलं, कुठल्या वॉर्डात राहतंय, यातलं काही यादी सांगत नाही. आणि कधीकधी तर नाव भलत्याचंच छापलेलं असतं!

हे मी रोज सांगते. आणि रोज माझ्यासमोरचा माणूस एकच शब्द ऐकतो : पॉझिटिव्ह.

(नावं-गावं मी इकडची तिकडं केलीत. उगाच ओळखत बसू नका.)

*

ठाणाकुशनूरचे एक अप्पा. सुनेला दिवस गेले तेव्हा तो रिपोर्ट न्यायला तेच आले होते. रत्ना म्हणाली होती, "अप्पा, पॉझिटिव्ह हाय!" आणि अप्पांनी अख्ख्या लॅबला पेढे वाटले होते. रांगेतल्या पेशंटना सुद्धा. त्यात निम्मे साखरेचे!

पुढं सुनेला तिसरा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांची लांब यादी लिहून दिली, त्यात हर्पीसही होती. सून माझ्यासमोर बसलेली. मी तिला रिपोर्ट समजावून सांगत होते. "टाईप वनची जुनी खूण पॉझिटिव्ह आहे, टाईप टू निगेटिव्ह. डॉक्टरीणबाईंना दाखव, पण घाबरायचं काही नाही."

अप्पा दाराबाहेर उभे. त्यांच्या कानात गेला तो एकच शब्द. आत येऊन काही विचारायचं सोडून माणूस तडक बाहेर पडला!

पाव तासानं परत आले ते मागच्या वेळेपेक्षा दुप्पट मोठा बॉक्स घेऊन.

मी म्हटलं, "अप्पा, हे कशाचे?"

"कशाचे म्हंजी? त्या टायमाला एकदा पॉझिटिव्ह आलं तर तुमीच म्हणालाव, लेकरू हाय. आता आनि एकदा पॉझिटिव्ह आलंय. मग जुळं न्हाई का?"

सुनेनं पदर तोंडात कोंबला. अप्पांची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. पेढे मात्र आम्ही परत केले नाहीत.

*

आमच्या शेजारच्या गल्लीत एक टेलर चाचा आहेत, दुकानात कापडाची थानं रचलेली. हात असा साफ की माझं ब्लाऊज दुसरीकडं टाकायचं मी नाव काढत नाही. एकदा गालावर फोडांची रांग उठली म्हणून डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडं पाठवलं.

रत्नानं चिठ्ठी वाचली आणि मोठ्यानं सांगितलं, "चाचा, हर्पीस टेस्ट करना है."

चाचा विचारात पडले. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "हर पीस कायकू अम्मा? पूरा थानच टेस्ट कर लेव ना!"

*

हा पुढचा माझ्या माहेरचा. संतपूरचे दत्तूअण्णा. आमच्या चुलत्यांच्या बांधाला त्यांचा बांध. सोयाबीन काढायच्या ऐन घाईत अण्णांच्या कमरेला फोडांचा पट्टा उठला. आग आग व्हायला लागली. गावात बघताक्षणी सगळे म्हणाले, नागीण! आता तिची दोन तोंडं कमरेभोवती मिळाली की माणूस गेला! कुणी गेरू लावला, कुणी मंत्र टाकला.

अण्णा शहाणे, डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कागदावर नागिणीचं इंग्रजी नाव लिहिलं : हर्पीस झोस्टर. इथं घात झाला! कलबुर्गीला शिकणाऱ्या पुतण्यानं मोबाईलवर नुसतं 'हर्पीस' टाकलं आणि जे आलं ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. चुलतीसमोर!

अण्णांच्या बायकोनं, शेवंतावैनींनी, त्याच क्षणी अण्णांचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला आणि बाजलं गोठ्यात नेऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी दोघं माझ्यासमोर हजर.

मी वैनींना म्हटलं, "अहो, नागिणीचा विषाणू वेगळाच. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या की तोच अंगात दडून बसतो आणि म्हातारपणी असा उठतो. आडनाव एक आहे म्हणून काय भावकी होते का? ही टेस्ट करायची गरजच नाही."

"न्हाई! काढा रक्त. दोन्ही हातांतलं काढा!"

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "काढ बाई. मरणाचं मागून बघू, हिचं आधी मिटव."

रिपोर्ट आला. अण्णांनीच सांगितलं, हिच्यासमोरच वाच. मी वाचलं, "टाईप वन पॉझिटिव्ह. टाईप टू निगेटिव्ह."

वैनींनी बोटं पुढं धरली. एक बोट वाकवलं, दुसरं ताठ ठेवलं. "वन हाय, टू न्हाई. म्हंजी पहिली हाय, दुसरी न्हाई. व्हय ना?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा खुर्चीवरून उठले. "आगं, पहिली तूच हैस की!"

वैनींनी बोटांकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. मग पिशवी उचलत म्हणाल्या, "मग हितं काय बसायलाव? चला की. तिकडं बाजलं उचलायचं हाय."

*

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. गणिताचे. कुठल्याशा शिबिरात त्यांनी 'संपूर्ण शरीर तपासणी' करून घेतली. संपूर्ण म्हणजे संपूर्ण. ज्याची काही गरज नाही ते सगळं त्यात होतं. आणि त्या कागदावर टाईप टूच्या पुढं लिहून आलं : पॉझिटिव्ह.

गुरुजी तो कागद घेऊन आमच्याकडं आले तेव्हा चार दिवस जेवले नव्हते. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर. घरात कुणाला सांगितलेलं नाही. एवढा ताठ माणूस, खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. मला म्हणाले, "अक्का, मी आयुष्यात बायकोशिवाय कुणाकडं मान वर करून बघितलं न्हाई. हे आलं कुठनं?"

मी आकडा बघितला. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक एकच्या वर गेलं की पॉझिटिव्ह छापतात.

म्हटलं, "गुरुजी, एवढा काठावरचा आकडा खरा धरायचा नसतो. या टेस्टमध्ये काठावरचे बरेचदा खोटे निघतात. डॉक्टरांना दाखवू, तीन महिन्यांनी दुसऱ्या पद्धतीनं परत करू. तोवर लेकीचं लग्न नीट लावा."

गुरुजी एकदम ताठ झाले. चार दिवसांचा राग वर आला. "म्हणजे दोन दशांशासाठी? फक्त दोन दशांशासाठी ह्यांनी मला बदनाम केलं? अहो, मी तेहतीसवाल्या पोरांना पस्तीस करून काठावरनं वर ओढलं! आणि हे मला काठावरनं आत ढकलायलेत?"

लग्न झालं. तीन महिन्यांनी टेस्ट झाली. निगेटिव्ह!

गुरुजींनी रिपोर्ट दोनदा वाचला, खिशातून लाल पेन काढलं, जुन्या कागदावर हा एवढा मोठा गोळा मारला आणि बाजूला लिहिलं : 'उत्तर चूक. पेपर तपासणाऱ्यास समज द्यावी.' खाली सही!

*

लग्नावरून आठवलं. मुलगी औरादची, बीदरच्या दवाखान्यात नर्स. मुलगा आळंद तालुक्यातल्या खजुरीचा. सुपारी फुटायच्या आधी मुलगीच म्हणाली, दोघांचं रक्त तपासायचं, सगळं. मुलगा साधा, लगेच हो म्हणाला. पण त्याच्याबरोबर त्याची आईही आली. तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं, सून अजून घरात आली नाही तोवर रक्त मागायलीय, पुढं काय काय मागंल!

रिपोर्ट आले. दोघंही म्हणाले, सगळ्यांसमोर सांगा. मी आधी मुलीचा वाचला. बाकी सगळं चांगलं, फक्त हर्पीस टाईप वन पॉझिटिव्ह.

आई ताडकन उठली. "चल रं! झालं बगून!"

मुलगी जागची हलली नाही. "मावशी, बसा. त्यांचा वाचायचा राहिलाय अजून."

मी मुलाचा वाचला. बाकी सगळं चांगलं. हर्पीस टाईप वन पॉझिटिव्ह!

मुलाला आठवलं, लहानपणी दर तापाला ओठ फुटायचे. आई हळूहळू खाली बसली. मला वाटलं, सुटलं कोडं. म्हटलं, "बघा मावशी, दोघांचं सारखंच आहे. आता कुणाचं कुणाला लागायची भीतीच राहिली नाही."

तिचा चेहरा अजूनच काळजीत पडला. "दोघांचं सारखंच? मग एकनाडी झाली की ओ अक्का! असं लगीन जमत न्हाई! भटजीला इचारावं लागंल!"

मुलगा डोकं धरून बसला. मुलगी मात्र उठली, जाऊन होणाऱ्या सासूचं मनगट हातात घेतलं आणि म्हणाली, "नाडीचं मी बघते, मावशी. रोज तेच काम हाय माझं."

आता त्यांना एक मुलगी आहे. सासू-सुनेचं फार बरं चाललंय असं नाही, पण सासूचं बीपी दर रविवारी तपासलं जातं!

*

दुसऱ्यांचे किती सांगू? एक माझाही आहे.

आमच्याकडं नवं मशीन आलं. ते नीट चालतंय का बघायला कुणाचं तरी रक्त पाहिजे होतं. रत्नाला सुई बघूनच घेरी येते, लॅबमध्ये राहून! मग मीच हात पुढं केला. आणि मशीननं पहिलाच रिपोर्ट काढला : हर्पीस टाईप वन, पॉझिटिव्ह. आकडा काठावरचा नाही, चांगला भरभक्कम.

मला सगळं माहीत होतं. जगाला रोज सांगते तेच. पण खरं सांगू? तो कागद मी चारदा घडी घालून पर्समध्ये ठेवला. घरी गेले, पाणी प्याले आणि भांडं दोनदा घासलं. वीस वर्षं मी लोकांना 'घाबरायचं काही नाही' म्हणत आले, आणि ते असं म्हटल्यावर माझ्याकडं का बघत राहतात ते मला त्या दिवशी कळलं.

आमचे हे बस डेपोत मेकॅनिक. त्यांना सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मशीनच बिघडलं असंल. खोलून बघू का?"

मी म्हटलं, "मशीन ठीक आहे. तुमचं रक्त द्या."

त्यांचंही पॉझिटिव्ह! मग मात्र घरात वाद पेटला. मी म्हणतेय तुमच्याकडून आलं, ते म्हणतायत तुझ्याकडून. मी मतदार यादी समजावून सांगतेय, ते म्हणतायत मग यादीत आधी नाव कुणाचं? दोन्ही पोरं आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघायलीत.

सासूबाई कोपऱ्यात तुरी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या खालच्या ओठाला दर उन्हाळ्यात फोड येतो, हे सगळ्या गल्लीला माहीत. ह्यांना त्यांनी लहानपणी स्वतः चावून घास भरवलेला, आमच्या पोरांचे तर मुके घेऊन घेऊन गाल लाल केलेले. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "कामून भांडायलाव? घर माझं, लेक माझा, नातवंडं माझी. मग रोग तेवढा दुसऱ्याचा कसा असंल? तो बी माझाच!"

*

शेवटचा सांगते आणि थांबते.

बिराप्पा आणि रुक्माबाई. धनगराचं घर. बिराप्पांनी जवानीतली सारी वर्षं मेंढरांमागं घालवली. दिवाळी झाली की कळप घेऊन तेलंगणात उतरायचे, ते पाऊस तोंडावर आला की परत. रुक्माबाई गावात, लेकरं आणि कोरडवाहू तुकडा सांभाळत. आता मेंढरं गेली, दोघंही रोजानं जातात. साठी ओलांडलेली.

रुक्माबाईला 'अवघड जागी' फोड यायचे. दोन वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईनं हाताला धरून बीदरच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासायला सांगितलं. रक्त काढताना रुक्माबाई माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती. बिराप्पा मात्र तिच्याकडं बघत होते.

रिपोर्ट माझ्या हातात आले तेव्हा मी नावं परत परत वाचली. नळ्यांवरची चिठ्ठी तपासली. मला उलटं अपेक्षित होतं, खोटं कशाला बोलू? बिराप्पा निगेटिव्ह. रुक्माबाई टाईप टू पॉझिटिव्ह. आकडा असा की शंका घ्यायला जागा नाही.

न्यायला दोघंही आले. रुक्माबाई बाहेर बाकावर बसली, आत एकटे बिराप्पा आले. डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

मी म्हटलं, "अप्पा, ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात देते मी. मावशींना आत बोलवा."

"व्हय, बलावतो. मला तसं बी वाचाय येत न्हाई," ते म्हणाले. "एकच सांग बाई. दोगातल्या एकाचंच निगालंय का?"

मी कागदाकडं बघत राहिले. पण वीस वर्षांत मला चेहरा लपवायला काही जमलेलं नाही.

ते बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तिला सांग, माजं हाय म्हणून."

"अप्पा, असं मला सांगता येत नाही. आणि हे कधीचं आहे, कसं आलं, रिपोर्टवरून कळतच नाही—"

"मला काय इचारायचंच न्हाई," ते मध्येच म्हणाले. "सालातले सात-आठ म्हैने मी तिकडं असायचो. हितं ती एकटी. तिच्यावर काय दिवस आले, मी बगितलो का? न्हाई ना? मग. तू बोलू नको, मीच बोलतो." आणि दाराकडं वळून हाक मारली, "ये गं आत."

रुक्माबाई आली. मी दोघांपुढं दोन कागद ठेवले. तोंड उघडणार तोवर बिराप्पा खाली बघत घाईघाईनं म्हणाले, "माज्याकडनं आलंय तुला. तिकडं... त्या साली... चुकी झाली माजी."

रुक्माबाई त्यांच्याकडं बघत राहिली. बिराप्पांचे कान लालबुंद झाले होते. साठीच्या माणसाचे!

मग ती माझ्याकडं वळली. "ह्याला औषध हाय का, अक्का?"

"आहे मावशी. गोळ्या आहेत. मुळापासून जात नाही, पण फोड बसतात, येणं कमी होतं. डॉक्टरीणबाई लिहून देतील."

"बरं." तिनं दोन्ही कागद उचलले, एकावर एक ठेवून त्यांची एकच घडी घातली आणि पदराच्या टोकात बांधली. बिराप्पांच्या हातातून रुमाल घेतला, झटकला, त्यांच्या खांद्यावर टाकला.

दारातून मागं वळून मला म्हणाली, "चाळीस वर्सं झाली लगनाला, अक्का. आजून ह्यांना धड एक खोटं बोलाय येत न्हाई!"